कमळाक्काचा हुंकार

कमळाक्का बोलायला लागली की आम्ही सगळे नकळत आपापल्या पिशव्या जवळ ओढून घ्यायचो. कुणी घड्याळ बघायचं, कुणी अर्धवट उठायचं. एकदा तर हिरेमठ सर फळ्यावर लिहिता लिहिता खडू खिशात टाकून दाराकडे चालायला लागले. उंबऱ्यापाशी भानावर आले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही खिडकी उघडा एवढंच म्हणालात ना?"

यात आमचा कुणाचाच दोष नव्हता. कमळाक्कानं सगळी नोकरी आपल्या भागातल्या एका मोठ्या स्टेशनवर माइकसमोर बसून केली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येणार, कुठली उशिरा येणार आणि कुठली आज येणारच नाही, हे ती कन्नड, हिंदी आणि इंग्रजीतून सांगायची. हुबळी-धारवाडच्या माणसानं जन्मात एकदा तरी तिच्या आवाजावर सामानासकट धावाधाव केलेली असायची. ती निवृत्त झाली आणि थोड्याच दिवसांत हुबळीतल्या केशवापूरहून बस पकडून धारवाडला आली, ती थेट विद्यापीठातल्या आमच्या जपानीच्या वर्गात येऊन बसली. मी तिला पाहिलं ते तिथंच. ऐकत तर लहानपणापासून होतो.

अंगावर कडक इस्त्रीची इरकल, केसांत अबोलीचा छोटासा गजरा, आणि पर्समध्ये खडीसाखर-लवंगांची डबी. आइस्क्रीम नाही, ताक नाही, ओरडणं तर नाहीच. भाजीवालीशीसुद्धा ती कुजबुजत घासाघीस करायची. कारण विचारलं तर म्हणायची, "गळा सरकारी आहे बाबा, जपून वापरायचा." निवृत्त झाल्यावर सरकारनं गळा परत केला असेल हे तिला कुणी पटवून देऊ शकलं नाही. सरांना यायला उशीर झाला की मात्र हा सरकारी गळा आपोआप कामाला लागायचा. "हिरेमठ सर आपल्या नियोजित वेळेपेक्षा विलंबानं येत आहेत," असं ती खडीसाखर चघळत सांगायची, आणि ती सांगायची म्हणून आम्हाला ते खरं वाटायचं. सर आजारी आहेत असं एकदा तिच्या तोंडून आलं, तर खुद्द सर दारात उभे असताना आम्ही दप्तरं आवरत होतो.

पहिले काही दिवस मी तिला 'तुम्ही' म्हणायचो. तिनं मला बसस्टॉपवर गाठून झापलं. "तुम्ही म्हटलास की साहेब तपासणीला आल्यागत वाटतंय. अक्का म्हण, तू म्हण, आणि ही पिशवी धर." तेव्हापासून मी तू म्हणायचो आणि पिशवी धरायचो.

जपानीच का, हे तिला सगळे विचारायचे. बहुतेकांना ती सांगायची, "तीन भाषांत इतकी वर्षं बोलले, एकीनंसुद्धा उलट उत्तर दिलं नाही. म्हटलं, चौथी करून बघावी." मराठीचं काय असं कुणी विचारलं तर, "ती घरची. घरच्यांना कुठं अनाउन्समेंट करतात?"

खरं कारण तिनं मला बसमध्ये सांगितलं. तिच्या निरोपाच्या समारंभात एक साहेब मोठ्या प्रेमानं बोलले होते. आता घोषणांसाठी मशीन आलंय, पण प्रवाशांना काही फरक कळणार नाही, कारण आमच्या अक्का म्हणजे साक्षात मशीनच होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं शाल घेतली, नारळ घेतला, हसून नमस्कार केला आणि घरी येऊन जेवली नाही.

"मला मशीन म्हणतात, आणि लोक टाळ्या वाजवतात की!" ती म्हणाली. "इतकी वर्षं बोलले मी. एकानं तरी वर बघून 'होय अक्का, कळलं' म्हणावं का नाही? तुमच्या या परीक्षेत समोर माणूस बसवतात ना? मग मला माणसाशी बोलून पास व्हायचंय. तसा कागद पायजे मला. भिंतीवर लावणार आहे."

परीक्षा म्हणजे उच्च-मध्यम पातळीची तोंडी परीक्षा. जपानी न शिकलेल्यांसाठी ही पातळी समजावून सांगायला हवी. प्राथमिक पातळीवर माणूस म्हणतो, हा आंबा आहे. मध्यम पातळीवर म्हणतो, हा आंबा असावा. उच्च-मध्यम पातळीवर तो म्हणतो, आपली हरकत नसेल तर याला आंबा म्हणण्याचं धाडस करावं की काय असा विचार मनात आला होता, पण राहू दे. लेखी परीक्षेत अक्का पाठांतराच्या जोरावर आम्हा सगळ्यांच्या पुढं असायची. तोंडीत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालं तर विभागाच्या नियमानं पुन्हा बसता येत नव्हतं.

तिचं घोडं अडायचं ते अगदी सोप्या जागी. एकदा सरांनी आम्हा दोघांना एक प्रसंग करायला दिला. मी वरच्या मजल्यावरचा शेजारी, माझा टीव्ही मोठ्यानं चालतो, आणि अक्कानं येऊन अगदी नम्रपणे तक्रार करायची. अक्का ताठ बसली. बोलण्याआधी टेबलावर बोटानं बटण दाबल्यासारखं करायची तिला सवय होती, तसं तिनं दाबलं. मग छताकडे बघत अस्खलित जपानीत सुरू झाली. कृपया लक्ष द्या. वरच्या मजल्यावरील दूरदर्शन संच रोजच्यापेक्षा मोठ्या आवाजात चालत आहे. तो लवकरच बंद होण्याची अपेक्षा आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. एवढं बोलून तिनं तेच पहिल्यापासून पुन्हा सांगितलं आणि टेबलावरचं बोट उचललं.

मी म्हणालो, माफ करा, माझ्या आजीला कमी ऐकू येतं. अक्का माझ्याकडे शांतपणे बघत राहिली. मी आणखी माफी मागितली, आजीचं दुखणं सांगितलं, डॉक्टर सांगितले. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी मी घाबरून खराच रडवेला झालो.

"अक्का," सर कपाळाला हात लावून म्हणाले, "समोर माणूस बसलाय. फलाट नाही."

"मी व्यत्यय आणला नाही की," अक्का म्हणाली. "तो बोलत होता, म्हणून मी गप्प."

हिरेमठ सर तसे सोशीक गृहस्थ. चिडले की फळा पुसायचे, मग तो आधीच पुसलेला का असेना. त्या दिवशी त्यांनी फळा लख्ख पुसला आणि ऐझुचि नावाचा प्रकार शिकवायला घेतला. जपानी माणूस दुसऱ्याचं बोलणं कधीही गप्प बसून ऐकत नाही. समोरच्याचं अर्धं वाक्य झालं की मान हलवतो, हं म्हणतो, 'असं होय का' म्हणतो, 'खरंच की' म्हणतो. गप्प बसलं तर बोलणाऱ्याला वाटतं, याचं काहीतरी बिनसलंय. सरांनी मराठीतला शब्द सांगितला, हुंकार. लहानपणी आजोबा गोष्ट सांगायचे तेव्हा आपण हं हं करायचो, थांबलो की आजोबाही थांबायचे, तसंच.

"आठवडाभर जिथं जाल तिथं सराव करा," सर म्हणाले. "घरात, बाजारात, बसमध्ये. कन्नडमध्ये करा, मराठीत करा. मान एकदा हलायला लागली की जपानी आपोआप येईल."

सरांना पुढं या वाक्याचा फार पस्तावा झाला. कारण अक्का कुठलाही गृहपाठ अर्धा करत नसे.

पहिला बळी ऑटोवाला. त्यानं सहज म्हटलं की बायको माहेरी गेलीय. अक्का मागच्या सीटवरून मान हलवत म्हणाली, "हौदा?" म्हणजे कन्नडमधलं 'असं होय?'. त्याला इतक्या वर्षांत मागच्या सीटवरून असं कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं सांगायला सुरुवात केली, अक्का हं म्हणत राहिली, आणि ऑटो केशवापूरवरून पुढं गेला, परत आला, पुन्हा पुढं गेला. सासऱ्याचं शेत, मेहुण्याची मोटरसायकल, सगळं सांगून झाल्यावर त्यानं तिला दारात सोडलं, पदर नाही म्हणून बाहीनं डोळे पुसले आणि भाडं न घेताच निघून गेला.

मग अमरगोळ झालं. अक्काची शेजारीण वर्षाच्या मिरच्या घ्यायला तिथल्या मार्केट यार्डात निघाली होती, अक्का आपली सोबतीला गेली. अडत्यानं ब्याडगी मिरचीचा रंग सांगितला. अक्का म्हणाली, "बरोब्बर." त्यानं साल कशी सुरकुतलेली हवी ते सांगितलं. अक्का म्हणाली, "अय्यो, खरंच की!" त्यानं यंदाचा पाऊस सांगितला, भावानं कसं फसवलं ते सांगितलं, मग पुन्हा मिरचीवर आला, आणि अक्का प्रत्येक थांब्यावर मान हलवत राहिली. आपल्याकडे व्यापारी बोलतो तेव्हा समोरच्यानं इतकी मान हलवली की सौदा झाला. शेजारणीच्या पिशवीबरोबर एक अख्खं पोतं अक्काच्या नावानं टेम्पोत चढलं. घरात माणूस एकटं, तेही गळ्याला तिखट न लावणारं. ती मिरची आम्ही वर्गातल्या सगळ्यांनी वाटून घेतली. सरांच्या घरी तर उन्हाळाभर दुसरी भाजी झाली नाही म्हणतात.

त्याच आठवड्यात अक्का कॉलनीच्या पाणी समितीची अध्यक्ष झाली, रांगोळी स्पर्धेची परीक्षक झाली आणि एका बाईंच्या मांजरीची दोन पिल्लं तिच्या घरी राहायला आली. ती संध्याकाळी बुद्धवंदनेला बसायची तेव्हा बाहेर कट्ट्यावर माणसं वाट बघत असायची. वंदना झाली की एकेक जण आत येऊन आपापली कहाणी सांगायचा.

हे सगळं मला फार गमतीचं वाटत होतं. एका रविवारी केलगेरीतल्या आमच्या घराची बेल वाजेपर्यंत. आईनं दार उघडलं तर बाहेर दोन गृहस्थ, एक बाई आणि पेढ्यांचा डबा. मुलीचे वडील, मामा आणि आई. मुलाला बघायला आले होते. मुलगा म्हणजे मी, आणि मी तेव्हा बनियनवर अंडी उकडत होतो.

"कमळाक्कांचा शब्द मिळाला, मग आम्ही म्हटलं उशीर कशाला," वडील म्हणाले.

मी मोरीत जाऊन अक्काला फोन केला. "अक्का, काय बोललीस तू त्या लोकांना?"

"मी? मी काहीच बोलले नाही की. त्या बाई मुलीचं सांगत होत्या. मी हं म्हणाले. मग तुझं नाव काढलं त्यांनी, तेव्हा हौदा म्हणाले. शेवटी 'फारच छान' म्हणाले. पाठात तसंच आहे बघ, शेवटी कौतुक करायचं."

"अगं, ते पेढे घेऊन आलेत!"

"हौदा?" अक्का म्हणाली. सराव तिच्या रक्तात उतरला होता.

मुलगी चांगली होती. तिनं मला नाही म्हटलं, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या तासाला सरांनी हात जोडले. "अक्का, ऐकलं म्हणजे कबूल केलं असं जपानमध्ये नसतं. हुबळीत असतं! सराव साकु आता, पुरे करा." पण पाखरू उडून गेलं होतं. आता अक्काला थांबता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ती थांबायला नको होती. मी स्वतः ऑफिसातल्या सगळ्या कटकटी तिला बसमध्ये सांगायचो. ती पिशव्या माझ्याकडे देऊन नुसती 'मग?' म्हणायची आणि मला हलकं वाटायचं. तिनं मला जे दिलं ते माझ्या घरातल्या कुणी दिलं नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

तिसरी परीक्षा आली. बेंगळुरूहून एक जपानी बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या, मोरिता सान, म्हणजे आपल्या भाषेत मोरिताबाई. बारीक चणीच्या, सुती कुर्ता घातलेल्या, चेहऱ्यानं दमलेल्या. नियम असा की आधी उमेदवारानं एका विषयावर स्वतःचं सांगायचं आणि मग त्यावर दोघांनी बोलायचं. अक्कानं 'माझा आवाज' हा विषय घेतला होता. महिनाभर ती तोच घोकत होती. स्टेशनवरची पहिली घोषणा, गाडी चुकलेली एक म्हातारी आणि निरोपाच्या दिवशीचे ते साहेब, सगळं त्यात होतं. बसमध्ये तिनं मला ते इतक्यांदा ऐकवलं की कंडक्टरलासुद्धा थोडं थोडं जपानी यायला लागलं.

माझी परीक्षा आधी झाली. मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या खिडकीशी उभा राहिलो. अक्का आत गेली, वाकून नमस्कार केला आणि शिष्टाचार म्हणून विचारलं, इतक्या लांबून आलात, दमला असाल.

मोरिता सान म्हणाल्या, हो, जरा दमलेच.

"सो देस का," अक्का म्हणाली. म्हणजे, असं होय का. आणि मान हलवली.

पुढं काय होणार ते मला दिसायला लागलं होतं. मोरिता सान म्हणाल्या, रात्री गाडीत झोप लागली नाही. अक्का म्हणाली, अरेरे. मोरिता सान म्हणाल्या, तशी हल्ली घरीही लागत नाही. अक्का म्हणाली, खरंच? मग घरमालकीण निघाली, जी घरात मासे शिजवू देत नाही. मग जपानमधली आई निघाली, जी फोनवर फक्त हवामान सांगते आणि मग दोघीही गप्प होतात. अक्काची मान योग्य जागी हलत होती, हुंकार योग्य जागी पडत होता. सर बाजूला बसून घड्याळाकडे बोट दाखवत होते, खोकत होते. शेवटी त्यांनी उठून फळा पुसला. मोरिता सानंनी एकदा रुमाल काढला, एकदा खळखळून हसल्या, आणि वेळ संपली.

दार उघडलं. "पास," मोरिता सान म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "इतकी वर्षं या देशात आहे. आज पहिल्यांदा कुणाशी तरी पोटभर संभाषण झालं."

"पण त्या एक अख्खं वाक्यसुद्धा बोलल्या नाहीत!" सर म्हणाले.

"हो का?" मोरिता सान विचारात पडल्या. "माझ्या लक्षात आलं नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पेढे आणायला धावलं. आणि अक्का व्हरांड्याच्या मध्ये उभी राहून रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला नको ही पास."

"अक्का, गप बसा हो!" सर दबक्या आवाजात म्हणाले. "पास झालात तुम्ही!"

"कशी झाले? माझं बोलायचं राहिलं की! नुसतं हं हं करून पास? ते तर मशीनपण करेल. सर, मी आयुष्यभर बोलले तेव्हा ऐकायला कोण नव्हतं. आता ऐकायला समोर माणूस बसला, तर मी बोललेच नाही. ही परीक्षा झालीच नाही. पुन्हा घ्या."

नापास झालेला उमेदवार फेरपरीक्षा मागतो हे सरांनी पाहिलं होतं. पास झालेला मागतो म्हटल्यावर त्यांना काय करावं कळेना. बाईंची हुबळीहून गाडी आहे, टॅक्सी खाली उभी आहे, असं ते सांगत राहिले. मोरिता सानंनी काय चाललंय ते विचारलं. सरांनी अतिशय नम्र, उच्च-मध्यम जपानीत, ज्यातून काहीच स्पष्ट होणार नाही असं समजावून सांगितलं. त्यांना मात्र सगळं स्पष्ट झालं. त्या खाली वाकल्या, माफ करा म्हणाल्या आणि मग टॅक्सीकडे बोट दाखवलं. केशवापूर वाटेवरच आहे ना? चला. परीक्षा गाडीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी दुसऱ्या नोकरीसाठी गाव सोडलं. अक्काशी फोनवर बोलणं होतं. आम्ही दोघंही एकमेकांना हं हं करत राहतो, त्यामुळं फोन ठेवायचा कुणी हे ठरत नाही. पण तिला डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशीच शेवटचं.

मी आणि सर पायऱ्यांवर उभे होतो. टॅक्सीच्या मागच्या सीटवर दोघी बसल्या. अक्कानं पदर सारखा केला, लवंग तोंडात टाकली आणि मोरिता सानंकडे वळून बोलायला लागली. छताकडे नाही, त्यांच्या डोळ्यांत बघून. काचेतून ऐकू काहीच येत नव्हतं. हातवारे दिसत होते, मधेच ती थांबलेली दिसत होती, मोरिता सान मान हलवून काहीतरी विचारायच्या आणि अक्का हसून पुढं सांगायची. टॅक्सी अजून जागची हलली नव्हती. सर म्हणाले, "हा निघत का नाही? गाडी चुकेल त्यांची." मी वाकून पुढं पाहिलं. ड्रायव्हर चावी तशीच धरून मागं वळून बसला होता. त्याला जपानीतलं ओ की ठो कळत नसणार. पण अक्का बोलत होती, आणि तोही मान हलवत होता.